मुसकं बांधलेलं इंजिन

लोहाऱ्यात प्रसेनजित मिस्त्रीकडं गाडी न्यायची तर एक पथ्य पाळावं लागतं. बिघाड काय आहे ते त्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो बिनसतो. "तुमाला कळतंय तर माज्याकडं कशाला आलाव?" असं तोंडावर विचारतो, आणि गिऱ्हाईक कितीही मोठं असो, त्याला गुपचूप बाकावर बसवतो. मग गाडी चालू करून धुराच्या नळीपुढं तळहात धरतो, तळहात नाकाशी नेतो, तेलाच्या दांडीवरचा थेंब दोन बोटांत चोळतो, आणि गिऱ्हाइकानं पोटात दाबून ठेवलेला बिघाड स्वतःच सांगतो. दहातल्या नऊ वेळा तो बरोबर निघतो. दहाव्या वेळी चुकतो, तेव्हाही आवाज तेवढाच चढा असतो.

घमेंड म्हणा हवं तर, पण ती फुकटची नाही. त्याचे वडील तात्याराव पंचायत समितीत हापसे दुरुस्त करायचे. पान्हे आणि साखळ्या सायकलला बांधून गावोगाव फिरायचे. पोरानं आयटीआय केलं, चाकणच्या एका कारखान्यात इंजिनं तपासायच्या लायनीवर सहा वर्षं काढली. पगार बरा होता. पण तिथं रोज शेकड्यानं इंजिनं हाताखालून जायची आणि एकाचंही पुढं काय झालं ते कळायचं नाही. ह्या गोष्टीचा त्याला मनापासून वीट आला. बायको क्षमा लोहारा तालुक्यातच झेडपीच्या शाळेत शिकवत होती. एक दिवस हा बोचकं बांधून परत आला आणि माकणी रस्त्याला, जीपगाड्या भरतात तिथं, पत्र्याचं शेड टाकून बसला. त्याला आता अकरा वर्षं झाली.

दोन वर्षांपासून त्याच्या डोक्यात कोळपं शिरलं होतं. सोयाबीन वीतभर वाढलं की ओळींमधलं तण काढायला बैलांचं कोळपं फिरवतात. पण बैलजोड्या उरल्यात किती? म्हणून लोक जुन्या मोटारसायकलचं मागचं चाक काढतात, तिथं दोन चाकांचा आस बसवतात आणि त्याच्यामागं कोळपं जोडतात. अशी यंत्रं इकडं बरीच झाली, पण बहुतेकांची गत एकच. दोन तास चालली की तापून धूर ओकायला लागतात. प्रसेनजितला दिवसभर चालणारं यंत्र हवं होतं. शंभर सीसीची एक भंगारातली गाडी घेऊन त्यानं ते उभंही केलं.

इथंवर हौस होती. पण चैत्रात माकणीच्या नागूबाई गॅरेजवर आल्या आणि हौसेचं ओझं झालं. नागूबाई धनगराच्या. नवरा जाऊन सात वर्षं झाली, मल्हार नावाचा एक मुलगा, पंधरावीस मेंढरं आणि साडेतीन एकर रान. बैल म्हातारे झालेले. बाई बाकावर बसल्या नाहीत, उभ्यानंच विचारलं, "मिस्त्री, तुजं ते मशीन खरं हाय का? बैल इकू का ठिवू, एवढं सांग."

"इका मावशी," प्रसेनजित म्हणाला. "औंदा कोळपणी माज्याकडं लागली."

नागूबाईंनी दुसऱ्याच बाजारात बैल विकले. आता यंत्र चाललं नाही तर त्या बाईचं रान तणात जाणार होतं, आणि त्याला कारण प्रसेनजितचं तोंड होणार होतं.

यंत्रात सगळं जमलं होतं, एक गोष्ट सोडून. इंजिनाला श्वास असतो. पिस्टन खाली आला की पोटातली हवा बाहेर ढकलतो, वर गेला की आत ओढतो. जुन्या इंजिनात वरचा गॅसही पिस्टनच्या कडेनं पोटात उतरतो आणि दाब वाढवतो. हे सगळं बाहेर जायला कंपनीनं करंगळीएवढी एक नळी दिलेली असते. रस्त्यावर वारं लागतं, गाडी सपाट चालते, तेवढ्यावर भागतं. पण कोळपताना दिवसभर पहिला गिअर, वारं नाही, आणि कोळप्याची पास, म्हणजे खालचं लोखंडी पातं, मातीत रुतली की यंत्राचं नाक वर उठतं. तेल मागं सरकून नेमकं त्या नळीच्या तोंडाशी येतं आणि श्वासाबरोबर बाहेर पडून हवेच्या फिल्टरात जातं. फिल्टर तेलानं भिजला की धूर.

प्रसेनजितनं ही नळी फिल्टरपासून तोडली आणि मोकळी बाहेर काढून सीटखाली सोडली. धूर बंद झाला. गडी खूश झाला आणि क्षमाला म्हणाला, "कंपनीवाल्यांना जमलं न्हाय ते म्या केलं."

"कंपनीवाल्यांनी सोयाबीन पेरलं नव्हतं," क्षमा म्हणाली आणि वह्या तपासत राहिली.

जुलैत पेरणी उगवून आली, आठ-दहा दिवसांची उघडीप पडली, आणि एका सोमवारी यंत्र नागूबाईंच्या बांधावर उतरलं. बघायला अर्धी माकणी. त्यांच्यात नागूबाईंचे दीर श्रीमंतअण्णा होते. गावात चांगली म्हणावी अशी एकच बैलजोडी उरली होती आणि ती त्यांची, त्यामुळं ते यंत्राकडं सवतीकडं बघावं तसं बघत होते.

चार ओळी झाल्या आणि प्रसेनजितच्या लक्षात आलं, चाकांमागं काळ्या मातीचा धुरळा उठतोय आणि मोकळ्या नळीच्या तोंडाशी घोटाळतोय. पिस्टन वर गेला की नळी हवा आत ओढणार, म्हणजे ही माती सरळ इंजिनाच्या पोटात. त्यानं यंत्र थांबवलं, नागूबाईंकडनं जुन्या लुगड्याचा तुकडा मागितला, चार पदरी घडी केली आणि नळीच्या तोंडाला दोऱ्यानं आवळून बांधली.

"ह्ये काय?" मल्हारनं विचारलं.

"मुसकं," प्रसेनजित म्हणाला. "कोळपताना बैलाला बांधता का न्हाय?"

सगळे हसले. ज्यांनी जन्मभर कोळपताना बैलानं पिकात तोंड घालू नये म्हणून त्याला मुसकं बांधलं, त्यांना ही गोष्ट इतकी पटली की कुणी पुन्हा विचार केला नाही. प्रसेनजितनंही केला नाही. शहाण्या माणसाची चूक अशीच होते, चारचौघांच्या टाळीवर.

दीड तास यंत्र झकास चाललं. मग मधल्या ओळीत फट् करून आवाज झाला आणि चेनच्या बाजूनं काळ्या तेलाची चिळकांडी उडून तीन-चार रोपं भिजली. इंजिनाचं ऑइल सील, म्हणजे दांड्याभोवतीची रबरी कडी, दाबानं जागेवरून उडून बाहेर पडली होती. प्रसेनजितनं नळीचं मुसकं सोडलं. आतून तेल, बाहेरून माती, दोन्ही मिळून चिंधीचा पार गारा झाला होता, चुलीला लिंपावं इतका घट्ट.

श्रीमंतअण्णा सावकाश चालत आले. चिंधी हातात घेऊन त्यांनी उलटीसुलटी केली.

"मिस्त्री," ते म्हणाले, "मुसकं जाळीचं असतंय, आन त्ये त्वांडाला असतंय. तुमी तर नाक दाबलंव की हो."

आता पुन्हा सगळे हसले, पण हे हसणं वेगळं होतं. प्रसेनजितचे कान तापले. भंगारातलं इंजिन होतं, सील जुनं होतं, असं म्हणून सुटता आलं असतं. तिथं कुणाला काय कळत होतं? पण त्याला स्वतःला कळत होतं. तो उभा राहिला, हात पुसले आणि सगळ्यांदेखत म्हणाला, "अण्णा बरोबर बोलले. इंजिनाची चुकी न्हाय, सीलची न्हाय. चुकी माजी. ह्या प्रसेनजितची."

नागूबाई खाली वाकल्या. भिजलेली रोपं त्यांनी उपटून बांधावर टाकली.

दिवस कमी होते. रविवारपासून पावसाचा अंदाज होता, आणि काळ्या रानात एकदा पाऊस झाला की आठवडाभर पाय घालता येत नाही. तोवर तण सोयाबीनच्या डोक्यावर गेलं असतं. श्रीमंतअण्णांचे बैल शुक्रवारपर्यंत गावातल्या कामांना लागलेले. "शनिवारचा एक दिस तुला देतो, वहिनी," ते म्हणाले, "न्हायतर जेवळीला मेव्हण्याकडं जायचं होतं बैल."

"शनिवारी सकाळी सातला मीबी येतो मशीन घिऊन," प्रसेनजित म्हणाला. "मावशी, बैल असू द्या बांधलेलं. पर लागायचं न्हाईत."

चूक कबूल करून अर्धा तास झाला नव्हता तर गड्याचा आवाज पुन्हा चढला होता. काय म्हणावं ह्या माणसाला!

रस्त्याला लागण्याआधी तो वस्तीजवळच्या हापशावर हात धुवायला थांबला. दांडा एकदाच दाबला आणि पहिल्याच दाबात पाणी आलं. त्याचा हात तिथंच थांबला. पाणी लगेच का आलं? तर आधीचं पाणी नळात वरच उभं होतं. वर गेलेलं पाणी खाली येऊ नये म्हणून हापशाच्या पोटात झडप असते. वर जाताना उघडते, खाली येताना मिटते. लहानपणी बापाबरोबर त्यानं स्वतःच्या हातानं अशा पन्नास बसवल्या होत्या. धूळ गाळायची कशाला? श्वास बाहेर जाऊ द्यायचा आणि आत येऊच द्यायचा नाही, म्हणजे धुळीचा प्रश्नच मिटला. इतकं सोपं! तो एकटाच हापशाजवळ उभा राहून स्वतःला शिव्या देत हसला.

मंगळवारी त्यानं ट्यूबच्या रबराची झडप कापली. पण घाई अंगाशी आली होती, म्हणून आधी रबराचा तुकडा गरम इंजिन ऑइलच्या वाटीत टाकून ठेवला. दुपारपर्यंत तुकडा फुगून वाकडा झाला. ही झडप रानात तासाभरात चिकटली असती आणि पुन्हा सोमवार झाला असता. तो उठला आणि सरळ माकणीला वडलांकडं गेला.

"आबा, हापशाचा चामडी वायसर हाय का एखादा?"

तात्यारावांनी खाटेखालनं पत्र्याचा डबा ओढला. नोकरी सुटून पंधरा वर्षं झाली, पण एरंडेलात बुडवलेले वायसर तसेच मऊ होते. "कंच्या गावचा हापसा?" त्यांनी विचारलं.

"गावचा न्हाय. माज्या मोटारसायकलचा."

म्हाताऱ्यानं लेकाकडं पाहिलं आणि पुढं काही विचारलं नाही. एवढंच सांगितलं, "चामडं सुकू द्यायचं न्हाय. तेल जितकं पील तितकं नीट बसंल." प्रसेनजितला तेच तर हवं होतं. रबराला तेल बाधतं, चामड्याला मानवतं, आणि इंजिनाच्या श्वासात तेलाची वाफ असतेच. झडपेला आयतंच तेल मिळत राहणार.

मग तीन दिवस त्यानं दुसरी गाडी हातात घेतली नाही. शटरच्या आतल्या बाजूला खडूनं चित्र काढलं. उडालेल्या सीलच्या जागी नवं बसवलं आणि खालची जुनी नळी बंद करून टाकली. इंजिनाच्या डोक्यावर टॅपेटचं झाकण असतं, सगळ्यात उंच. नाक कितीही वर झालं तरी तेल तिथं साठत नाही. त्या झाकणाला भोक पाडून अंगठ्याएवढी जाड नळी बसवली आणि ती सरळ चढती हँडलपर्यंत नेली, म्हणजे चढलेला थेंब आपल्या वजनानं परत उतरावा. वर एक डबा, डब्यात भांडी घासायची तारेची घासणी. वाफ तारेला आदळली की तेलाचे थेंब होऊन खाली, आणि हवा तेवढी पुढं. डब्याच्या बाहेरच्या तोंडाला चामड्याची झडप, काचेच्या कपच्यानं तासून कागदाएवढी पातळ केलेली.

डबा स्टीलचा, झाकण घट्ट. गुरुवारी सकाळी क्षमा शाळेसाठी जेवण भरायला बसली तेव्हा तिच्या टिफिनमधला भाजीचा मजला गायब होता.

"दुसरा मिळाला नाही का?" तिनं विचारलं.

"ह्याच्याएवढं घट्ट झाकण लोहाऱ्यात कुणाकडं न्हाय," प्रसेनजित म्हणाला. नवऱ्याच्या तोंडून आलेलं हे कौतुक तिच्या स्वयंपाकाचं नव्हतं, टिफिनचं होतं, तरी तिला हसू आलं.

शुक्रवारी परीक्षा. गवंड्याकडनं लेव्हल बघायची पारदर्शक नळी आणली. एक टोक तेलाच्या दांडीच्या भोकात घट्ट बसवलं, बाकीची नळी खाली झोळीसारखी सोडून तिच्यात रंगीत पाणी भरलं. इंजिनाच्या पोटात दाब असेल तर पाणी बाहेरच्या टोकाकडं चढणार. आधी त्यानं नव्या डब्याचं तोंड हातानं दाबून, मुद्दाम सोमवारची स्थिती केली. क्षणात पाणी पिचकारीसारखं उडून त्याच्याच सदऱ्यावर आलं. मग पाणी पुन्हा भरलं, हात काढला, झडपेला तिचं काम करू दिलं. झडप टपटप हलायला लागली. नळीतलं पाणी थरथरलं आणि हळूहळू इंजिनाकडच्या बाजूला दोन बोटं चढून उभं राहिलं. पोटात दाब तर नव्हताच, उलट हलकी ओढ होती. आता सीलला बाहेर ढकलणारं काही राहिलंच नव्हतं.

जीपची वाट बघणारे दोघेतिघे पाणी बघत उभे होते. "जमलं का मिस्त्री?" एकानं विचारलं.

"ह्यात न जमायला काय हाय?" प्रसेनजित म्हणाला. सदरा अजून ओलाच होता.

शनिवारी सकाळी सातला यंत्र बांधावर उतरलं. बघायला ह्या वेळी कुणी नव्हतं. एकदा फजिती बघून झाली की माणसं आपापल्या कामाला लागतात. नागूबाई आणि मल्हार तेवढे होते.

"अण्णांचे बैल आलेत का?" प्रसेनजितनं विचारलं.

"वस्तीवर बांधल्यात," नागूबाई म्हणाल्या. "तू तुजं बघ."

प्रसेनजितला बरं वाटलं. खोटं कशाला बोलायचं, एवढा मोठा गडी, पण मागं बैल उभे आहेत म्हटल्यावर त्याचे खांदे सैल झाले. श्रीमंतअण्णा वैरण घालत असतील असं तो धरून चालला. मल्हारला हँडल दिलं आणि स्वतः बाजूनं चालत राहिला, कान इंजिनाकडं, डोळा झडपेकडं.

एक तास गेला. दीड तास गेला. सोमवारी जिथं सील उडालं ती ओळ आली आणि मागं पडली. पास कडक ढेकळात रुतली, यंत्राचं नाक उठलं, पुन्हा खाली बसलं. झडप टपटपत होती. धुराच्या नळीला धूर नाही, खाली इंजिनाला ओल नाही. तण मुळासकट उपटून मागं पसरत होतं.

ऊन डोक्यावर आलं तेव्हा डब्याच्या तोंडाशी एक थेंब दिसला. प्रसेनजितनं हात वर केला, मल्हारनं यंत्र थांबवलं. थेंब वाढत होता. नागूबाई बांधावरून उठून उभ्या राहिल्या. प्रसेनजितनं तो थेंब बोटावर घेतला, चोळला, नाकाशी नेला आणि एकदम मोठ्यानं हसला.

"एरंडेल हाय! आबांच्या डब्यातलं. चामडं जास्तीचं ओकतंय. चल रं मल्हार, हाण."

पुढं यंत्र फक्त पेट्रोल भरायला आणि भाकरी खायला थांबलं. मल्हार दमला की प्रसेनजित हँडल धरायचा. पाच वाजता शेवटची ओळ संपली तेव्हा साडेतीन एकर रान फणीनं विंचरल्यासारखं स्वच्छ दिसत होतं, आणि बालाघाटाच्या बाजूला ढग काळवंडायला लागले होते. प्रसेनजितनं टॅपेटच्या झाकणावरून स्वच्छ फडकं फिरवलं आणि ते कोरडं निघालेलं मल्हारला दाखवलं. मग छाती काढून बांधावर आला. नागूबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला.

"मावशी, आता अण्णांना म्हणावं, बैल सोडा. सकाळपासनं बिचारं उगा खुट्याला उभं."

"कुटलं बैल?" नागूबाई म्हणाल्या.

"वस्तीवरचं."

"वस्तीवर बैल न्हाईत. म्या काल दिस मावळायच्या आत श्रीमंताला सांगावा धाडला, येऊ नगं म्हणून. बैल पहाटंच जेवळीला गेल्यात."

प्रसेनजितनं तोंडाशी नेलेला तांब्या खाली घेतला. "आन सकाळी तर तुमी म्हणलाव..."

"व्हय, म्हणले. बैल न्हाईत म्हणून सांगितलं असतं तर तुजं अर्धं ध्यान मशीनवर आन अर्धं माज्या त्वांडाकडं राह्यलं असतं. तसल्यानं काम हुतंय व्हय?"

"आन मशीन बंद पडलं असतं तर? पाऊस तर आलाय डोक्यावर. सगळं रान गेलं असतं की मावशी!"

"गेलं असतं," नागूबाई अगदी सरळ म्हणाल्या. "पर सोमवारी दहा माणसांत चुकी कुणाची म्हणून तू तुजं नाव घेतलंस. साठ वरसात म्या कुणाबी मिस्त्रीला तसं म्हणताना ऐकलं न्हाय. मग म्हणलं, ह्याला रान द्यायचं तर पुरं द्यावं."

प्रसेनजितनं काळवंडलेल्या ढगांकडं पाहिलं, मग रानाकडं. तांब्या त्यानं तसाच भरलेला बांधावर ठेवला. तो यंत्राकडं परत गेला. काम संपलं होतं, इंजिन बंद होतं, तरी त्यानं उकिडवं बसून झडप, झाकण, सील एकेक करून पुन्हा तपासलं, जसं काही रान अजून व्हायचंच होतं.